मागच्या दाराचं कुलूप

भाज्या गोठवण्याच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी मुकी म्हणत. तशी ती मुकी नव्हती. पट्ट्यावरून सरकणाऱ्या मटारांतून किडका दाणा टिपताना तिचे हात चालत तेवढं तोंड चालत नसे, एवढंच. म्हणूनच कारखान्याच्या पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमात कामगारांतर्फे बोलायला मॅनेजरसाहेबांनी तिचं नाव काढलं, तेव्हा सगळ्या हसल्या.

"दोन शब्द बोला, गोड," साहेब म्हणाले. "मालक स्वतः येणार आहेत."

तिला भाषणाची धास्ती होतीच, पण चार महिन्यांपासून तिच्या छातीवर दुसरीच भीती बसली होती. थंडाव्याचा विषारी गॅस पुढच्या दारालगतच्या यंत्रघरातून नळ्यांत फिरे. तीनदा तिला त्याचा वास आला होता, नाकात सुई टोचावी तसा. तिसऱ्या वेळी मेकॅनिक नळीवरची झडप आवळून खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "जोरात सुटला तर पुढच्या दाराकडे धावू नका, बाई. मागून निघा." मागच्या दाराला कुलूप होतं. माल चोरीला जातो म्हणून साहेबांनी लावलेलं. आत चाळीस बायका काम करायच्या.

रविवारी दुपारी तिने चार पानं लिहिली आणि नणंदेला वाचून दाखवली. नणंद बसस्थानकावर माईकवरून गाड्यांच्या सूचना द्यायची. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. पहिल्या पानावर मालकांचे आभार, दुसऱ्यावर कामाचा पहिला दिवस, मग जेवणाच्या खोलीतला बंद पंखा, रजा, वास, कुलूप, हातमोजे आणि शेवटी पुन्हा आभार.

"छान आहे," नणंद म्हणाली. "पण वहिनी, हे ऐकून लोक काय करतील?"

"टाळ्या वाजवतील."

"मग?"

"चहा पितील."

"तुला तेवढंच हवंय?"

नणंदेने हातातला सदरा खाली ठेवला. "मी दिवसभर बोलते, पण ड्रायव्हर किती जुना, गाडीचा रंग कोणता, हे कधी सांगते का? कुठली गाडी, कितवा फलाट. ऐकणारा पिशवी उचलून चालायला लागला की माझं काम झालं. तुझं ऐकून कुणी उठून कुठे जायचंय?"

तिने तिसरं पान वर काढलं.

"मागच्या दाराकडे," ती म्हणाली. "किल्ली घेऊन."

तिसऱ्या पानावर पंख्याच्या आणि हातमोज्यांच्या मधे तिने ते कुलूप का दडवलं होतं, ते तिला तेव्हा कळलं. तिथे ते कुणाच्या डोळ्यांत आलं नसतं, आणि तीही आली नसती.

"नोकरी गेली तर?"

"जाऊही शकते. मी खोटा धीर देणार नाही," नणंद म्हणाली. "नाहीतर दोन गोड शब्द बोल आणि घरी ये. मी तुला काही म्हणणार नाही. पण दोन्ही एकदम नाही जमायचं."

कार्यक्रम पॅकिंगच्या मोठ्या खोलीतच होता. पट्टे बंद करून खुर्च्या मांडल्या होत्या. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिने पुढे होऊन माईकचा दांडा धरला. चार पानं ती घरीच ठेवून आली होती.

"मी एकच मागायला उभी आहे," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "मागच्या दाराचं कुलूप आत्ता काढा. गॅसचा वास तीनदा आलाय. तो जोरात सुटला तर पुढून आम्हाला निघता येणार नाही. आम्ही चाळीस जणी आहोत."

टाळी वाजली नाही. साहेबांचा चेहरा उतरला. मालक त्यांच्याकडे वळले. "किल्ली कुणाकडे असते?"

"वॉचमनकडे."

"माझ्याकडे?" दाराशी उभा असलेला वॉचमन गोंधळला. "मला कधी दिलीच नाही, साहेब. तुमच्या कपाटात असेल."

साहेब गेले, कपाट धुंडाळून रिकाम्या हाताने परत आले. किल्ली कुणाकडेच नव्हती. किती दिवसांपासून नव्हती, तेही कुणाला सांगता येईना. तिच्या शेजारी बसणारी, सगळ्यांत जास्त हसलेली बाई, तोंडावर पदर दाबून त्या दाराकडे बघत होती.

मेकॅनिकने लांब दांड्यांची कात्री आणून कुलूप तोडलं. दार हललं नाही. त्याने खांदा लावला, मग दोघांनी लावला, तरी दार जागचं हलेना. शेवटी वॉचमन बाहेरून फिरून गेला आणि त्याची हाक आली, दाराला टेकून छपरापर्यंत रिकामे क्रेट रचलेत म्हणून. सहा जणांना ते उपसायला पाऊण तास लागला.

साहेब तिच्याजवळून जाताना थांबले. "मी गोड बोलायला सांगितलं होतं, बाई."

दुसऱ्या दिवशी फाटकावर हजेरीच्या यादीत तिने आधी आपलं नाव शोधलं. नाव होतं. मालकांच्या हुकमाने यंत्रघर आठवडाभर बंद राहिलं आणि नवी झडप बसली.

जुनी झडप मेकॅनिकने तिला दाखवायला आणली. झडपेचे आटे गंजून झिजले होते, नखाने खरवडलं तर भुगा पडत होता. तो "घ्या, बघा" म्हणाला, पण तिने हात पुढे केला नाही; इतके दिवस चाळीस जणी हिच्याच भरवशावर होत्या.