दही-साखरेचा चमचा

सत्यशीलाचं वजन एकशे सव्वीस किलो होतं आणि पित्ताशयात खडे होते. डॉक्टरांना त्यातली पहिली गोष्टच आधी दिसायची. वर्षभरात दोघांनी ‘आधी वजन कमी करा’ म्हणून परत पाठवलं. खडे काही थांबले नाहीत. आठ-पंधरा दिवसांनी उजव्या बरगडीखाली कळ उठायची, आणि नागापूरच्या कारखान्याच्या कँटीनात तीनशे माणसांच्या चपात्या लाटणारी ही बाई पिठाच्या पोत्यावर डोकं टेकून बसायची. मुकादम म्हणायचा, “कमी खात जा.” म्हणजे औषध सगळ्यांना माहीत होतं.

तिसरा डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन दुर्बिणीनं करू, चार भोकं पाडून. पण लिव्हर चरबीनं फुगून पित्ताशयावर बसलंय, ते आधी आक्रसायला हवं. पंधरा दिवस मुगाचं पाणी, काकडी, लोणी काढलेलं ताक. “आणि उशीर नको. खडा नळीत अडकला, तर कावीळ होऊन जिवावर बेतेल.”

पंधरा दिवस ती दुसऱ्यांच्या चपात्यांना तेल लावत मुगाचं पाणी प्यायली. बाराव्या दिवशी कळ आली, तेव्हा डोळे पिवळे झालेत का, हे तिनं स्टीलच्या ताटात तोंड बघून तपासलं. सात किलो उतरले.

गुरुवारी सकाळी सहाला नवऱ्यानं, हनुमंतानं, दारात रिक्षा लावली. उंबऱ्यात सासू, बनुबाई, वाटी घेऊन उभी. या घरातून मोठ्या कामाला निघालेलं माणूस दही-साखरेशिवाय बाहेर पडत नसे. धाकटा मुलगा आदिनाथ दहावीला तीनदा दही खाऊन गेला आणि तीनदा नापास झाला. दह्याला कुणी बोल लावला नाही.

“आत्याबाई, पानीबी घ्यायचं न्हाई म्हनलेत.”

“मी काय जेवाया वाढलंय व्हय? शकुन हाय ह्यो. हात कर फुडं, बाय माझे.”

बावीस वर्षं ‘अगं ए’ म्हणणारी सासू आज ‘बाय माझे’ म्हणाली. सत्यशीलाचा तळवा आपोआप पुढं गेला. पंधरा दिवसांनी जिभेला साखर लागली. तिनं तळवा दोनदा चाटला.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, “रात्रीपासून काही खाल्लंय?”

“न्हाई,” सत्यशीला म्हणाली. हनुमंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

ऑपरेशनच्या टेबलावर पट्टे आवळले. भूल देणारे डॉक्टर मास्क घेऊन वाकले. “ताई, शेवटचं विचारतो. पोटात काही असलं, तर भुलीत ते उलटून फुप्फुसात जातं. वजनदार माणसाला धोका जास्त. जीव जातो.”

एकीकडे खडे, दुसरीकडे दही. आपण कशानं मरायचं, हे निवडायची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं. मग वाटलं, आपण दह्यानं मेलो तर म्हातारी जन्मभर त्या वाटीकडं बघत बसेल.

“चमचाभर दही,” ती म्हणाली. “साखर घालून. सहा वाजता.”

कुणी रागावलं नाही. पट्टे तेवढे सुटले.

“दुपारी करा की साहेब. मी हितंच पडून ऱ्हाते.”

“दुपारी मी राहुरीत असतो. इथं फक्त गुरुवारी सकाळी. आणि पुढचे दोन गुरुवार भरलेत,” भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

तिच्यासाठी मुद्दाम पुण्याहून मागवलेल्या दुर्बिणीच्या लांब नळ्या न उघडताच खोक्यात परत गेल्या. तीन आठवडे. पुन्हा मुगाचं पाणी.

“तवर कळ आली तर?”

“तडक या.”

“आन् तुमी असाल का?”

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं.

बाहेर बाकावर रिक्षातून बरोबर आलेली बनुबाई हात जोडून बसली होती. हनुमंतानं काय झालं ते सांगितलं. तिनं जोडलेले हात सोडून पदराचं टोक पिळलं.

“मंग फुडल्या बारीला नुसती साखर देते,” ती म्हणाली. “कवा यायचंय?”

“शुक्रवारी,” सत्यशीला म्हणाली. डॉक्टरांचा गुरुवार तिनं पोटातच ठेवला. हनुमंत पुन्हा कॅलेंडरकडं वळला.

रिक्षा निघाली आणि पहिल्याच गतिरोधकावर उजव्या बरगडीखाली ओळखीची कळ उठली. तिनं पदराआड मूठ दाबून धरली.

“काय झालं गं, बाय?”

“काई न्हाई.”