मंदीतला अध्यक्ष

सभा चालवणाऱ्या दिनकरकाकांनी वर झालेले हात पेन्सिलीच्या टोकाने मोजले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा एकदा मोजले.

"विरोधात कोणी? तटस्थ? आल्झो, तर मग, मावळत्या कार्यकारिणीचा कारभार एकमताने मंजूर," ते म्हणाले. "कुमुदिनीताई, तुमच्या हातून दोन वर्षांत एकही चूक झाली नाही, असं आता सभेच्या प्रोटोकोलमध्ये लिहिलं जाणार. माझ्या बायकोने मला असं कधी लिहून दिलेलं नाही."

लोक हसले. कुमुदिनीही हसली. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या मराठी मंडळाची ती बारा वर्षं अध्यक्ष होती, आणि आजवर कोणी तिच्याविरुद्ध उभं राहिलं नव्हतं. यंदा नागेश उभा होता. मंडळात येऊन त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. पण तिला ही निवडणूक जिंकायची होती. आजूबाजूला गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने एकेक करून माणसं कमी करत होते, आणि अशा वर्षी मंडळाला अनुभवी हात लागतो, असं तिला मनापासून वाटत होतं.

ती आधी बोलली. एका रंग-कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुमुदिनीला मोजकं बोलायची सवय होती. गणपती कुठल्या हॉलमध्ये, शाळेचे वर्ग कधी, हे तिने क्रमाने सांगितलं. शेवटी वर्गणीमाफीची योजना आली. ज्यांची नोकरी गेली असेल, त्यांनी अर्जावरच्या चौकटीत एक खूण करून तो तिला पाठवायचा, एवढंच.

"आजवर आलेले अर्ज शून्य," ती म्हणाली. "म्हणजे आपल्यापर्यंत झळ पोचलेली नाही. ही समाधानाची गोष्ट आहे."

टाळ्या पडल्या. मग नागेश उठला. त्याच्या हातात कागद नव्हता.

"मी जानेवारीपासून घरी आहे," तो म्हणाला. "नोकरी गेली. पहिला आठवडा बरा जातो. नंतर सकाळी आठ ते दहा काय करायचं, तेच कळत नाही. मी आमच्या तळघरात, केलरमध्ये, पडलेले सगळे स्क्रू मापानुसार लावले. आता बायको म्हणते, पुन्हा मिसळा आणि पुन्हा लावा."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

"मंगळवारी सकाळी हा हॉल रिकामा असतो. मी विचारून ठेवलंय. दहा वाजता येऊन बसायचं. चहा मी करीन. का आलात, असं कोणी विचारणार नाही. माझं एवढंच आहे."

तो बसला. दिनकरकाकांनी चिठ्ठ्या वाटल्या. वीस मिनिटांनी त्यांनी निकाल वाचला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. नागेश चौतीस, कुमुदिनी अठरा.

कुमुदिनीने उठून नागेशचा हात हातात घेतला. "अभिनंदन. अध्यक्ष बदलल्याची सरकारी रजिस्टरला नोंद करायचे फॉर्म्युलार मी भरून देते, ते काम किचकट असतं."

"ताई, रागावला नाहीत ना?"

"नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. राग नव्हता, फक्त कारण सापडत नव्हतं. ज्यांनी तासाभरापूर्वी तिची एकही चूक नाही म्हणून हात वर केले, त्याच लोकांनी ही मतं दिली होती.

स्वयंपाकघरात ती कप विसळायला उभी राहिली. देवश्री कोरडा पंचा घेऊन शेजारी आली. दोघी वर्षानुवर्षं अशाच शेजारी उभ्या राहत आल्या होत्या.

"आमच्याकडे सप्टेंबरपासून पगार बंद आहे," देवश्री कप पुसत नवऱ्याबद्दल म्हणाली. "चारुदत्तची पूर्ण टीमच गेली."

कुमुदिनीने नळ बंद केला. "सप्टेंबरपासून? आपण नवरात्रात एकत्र होतो."

"हो ना."

"मला का नाही सांगितलंस?"

"अहो ताई, तुम्ही अध्यक्ष. तुम्हाला सांगायचं म्हणजे अर्ज करायचा. अर्ज केला की आपण त्या यादीत." देवश्रीने कप पालथा ठेवला. "आज सांगावंसं वाटलं."

प्रयोगशाळेत काटा महिनोन्महिने शून्यावर राहिला, तर कुमुदिनी आधी यंत्र सुरू आहे का ते बघत असे. हे तिला आत्ता सुचलं, आणि स्वतःचंच थोडं हसू आलं. ती पुन्हा कप विसळू लागली. चारुदत्त सकाळी काय करतो, त्याला झोप लागते का, असं तिने एकेक विचारलं. देवश्री सांगत राहिली. कप संपले तरी दोघी तिथेच उभ्या होत्या.

बाहेर तिचा नवरा राजन गाडीत बसून होता. ती शेजारी येऊन बसली आणि तिने पट्टा लावला. त्याने किल्ली फिरवली नाही.

"मी नागेशला मत दिलं," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याने मंडळाच्या खुर्च्या उचलल्या होत्या, बॅनर बांधले होते, एकाही सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"आमचा विभाग जूनमध्ये बंद होतोय," तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "दिवाळीच्या आधी पत्र आलं. तू त्या आठवड्यात ती माफीची योजना लिहीत होतीस. रोज वाचून दाखवायचीस."

"आणि तू त्यातलं शुद्धलेखन बघून द्यायचास."

"हो."

समोरच्या दारातून नागेश दिनकरकाकांना हात देऊन पायऱ्या उतरवत होता. काका काहीतरी सांगत होते आणि दोघे मध्येच थांबून हसत होते. कुमुदिनीला छातीत हलकं वाटलं; काही उतरवून ठेवल्यावर वाटतं तसं.

"बरं केलंस मत दिलंस ते," ती म्हणाली.

राजनने किल्लीकडे हात नेला. तिने तो मध्येच धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा पट्टा सोडला.

"राहू दे. पत्र आलं त्या दिवसापासून सांग."