टाकीतले केस

सदाशिवरावांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं बोरी अरब गाव माशांच्या टाकीला नाक लावून उभं होतं. टाकीतल्या रोपांवर दोन महिन्यांपासून काळे केस उगवले होते. परवा राजकुमार महाराजांनी त्यांवर तीर्थ सोडलं तेव्हा ते फसफसले, आणि आज लाल झाले.

"करणीचं रक्त!" महाराज गरजले. "थंड पाण्याले उकळी! डॉक्टरले जमते का हे? रोपं कोनं लावली?"

रोपं सुनेनं, प्रेरणानं लावली होती. सासू वच्छलाबाईंनी तिला वेणीला धरून पुढे ओढलं. नवरा अक्षय जमिनीकडे बघत राहिला.

"मले कायले मारता? शेवाळ हाय ते!" प्रेरणा ओरडली.

"दिवस मावळाच्या आत इले घराबाहेर काढा," महाराज म्हणाले.

मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. तो फेस मी शेकडो सडक्या जखमांवर पाहिलाय. उंबऱ्याची ठेच लागून महाराजांच्या पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. मी त्यांच्या हातातला तांब्या हिसकावला आणि उरलेलं तीर्थ अंगठ्यावर ओतलं. अंगठा फसफसला.

"अगं बाई! करणी तं महाराजाच्या पायात निघाली!" मी ओरडले.

महाराज एका पायावर नाचले. लोक खदाखदा हसले. मला मात्र हसू आलं नाही.

"जखम धुवाचं औषध हाय हे, मेडिकलात भेटते," मी म्हटलं. "शेवाळावर टाकलं तरी फेस येते. काळं शेवाळ मरताना लाल होते. अन् ते वाढलं काहून? सदाशिवराव पाव्हण्याईले दाखवाले दिवसभर लाईट जाळतात, मूठमूठ खाणं टाकतात. लाईट सहा तास लावा, खाणं चिमूटभर टाका, हप्त्याले थोडं पाणी बदला. बस."

मघाशी प्रेरणाला बडवायला सरसावलेले हातच आता महाराजांवर पडले. लाज कुणालाच वाटली नाही. पोलीस येईपर्यंत महाराजांचे दोन दात गेले होते.

"झालं गेलं," वच्छलाबाई सुनेला म्हणाल्या. "चाल पोरी, चाय मांड."

प्रेरणानं अक्षयकडे पाहिलं. तो अजून जमिनीकडेच बघत होता. तिनं चपला घातल्या.

"सिस्टर, यवतमाळची गाडी कितीले हाय?"

हल्ली वच्छलाबाई मला रस्त्यात अडवून विचारतात, सून परत कधी येईल? मी त्यांना आणि तुम्हालाही एकच सांगते: आधी विचार करा, मग मला विचारा.