सोयाबीनच्या खोलीतली मशीन

मित्रांनो, मी एक मशीन आहे, पण मला जुनी म्हणावं की नवी, हे माझं मलाच ठरवता येत नाही. माझ्या मोटारी धाराशिवच्या भंगारातल्या एका बंद पडलेल्या झेरॉक्स यंत्रातून आल्या. ज्या सळयांवर मी सरकते, त्या जुन्या प्रिंटरच्या. माझा पाट म्हणजे मोडक्या दिवाणाची फळी. म्हणजे अंगानं मी जुनीच. पण हे सगळं एकत्र जोडलं तर त्यातून कोरीव काम करणारी मशीन तयार होईल, असं आमच्या गावात याआधी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्या अर्थानं मी अगदी नवी.

हे आलं हर्षालीच्या डोक्यात. कळंबजवळच्या आमच्या गावात ती सून म्हणून आली, ती मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन. लेक झाली आणि नोकरीचं राहून गेलं. पण तिचे हात काही स्वस्थ बसेनात. दुपारी छकुलीला झोळीत टाकलं की दोरीचं टोक ती पायाच्या अंगठ्याला बांधायची. पायानं झोका द्यायचा आणि हातानं माझे स्क्रू आवळायचे. छकुली कुशीवर वळायला शिकली त्या आठवड्यात माझी पहिली मोटार फिरली. ती रांगायला लागली तेव्हा मी डावीकडून उजवीकडं सरकत होते. आम्ही दोघी बरोबरीनंच वाढलो म्हणा ना.

माझं काम ऐकायला अवघड वाटतं, पण आहे सोपं. हर्षाली तिच्या लॅपटॉपवर चित्र काढते. ते आकड्यांत बदलून माझ्याकडं येतं. मग माझ्या तीन मोटारी एका गरगर फिरणाऱ्या पात्याला डावीउजवीकडं, मागंपुढं आणि वरखाली नेतात. लाकूड असो की प्लास्टिक, नको तेवढं मी कोरून काढते आणि हवं तेवढं ठेवते.

सगळ्या मोटारींना पहिल्यांदाच एकत्र वीज जोडली तेव्हा मात्र मी फक्त धूर काढला. हर्षालीचे सासरे, ज्ञानोबामामा, दारात येऊन उभे राहिले.

"तेरखेड्याचे फटाके भरलेत का गं यात?"

"वायर उलटी लागली, मामा. मशीन शाबूत आहे."

"मशीन ऱ्हाऊ दे. घर शाबूत ऱ्हाईल का ते सांग."

त्यानंतर मला वर्तुळ काढायला सांगितलं, तर मी वांगं काढलं. हर्षालीचे यजमान, कृष्णराज, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. त्यांनी ते वांगं नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "चांगलं आलंय. भरीत कर." हर्षाली हसली, पण तिनं माझा एक सैल पट्टा हेरला आणि ताणून बसवला. पुढचं वर्तुळ असं गोल आलं, मित्रांनो, की तिनं छकुलीला उचलून खोलीभर गरगर फिरवलं. मला हात असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

पण ती खोली माझी नव्हती. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास तिथं सोयाबीनची पोती पडतात. यंदाही मळणी सुरू झाली आणि मामांची नजर माझ्यावर वारंवार पडू लागली.

"सूनबाई, हे कवा हलवायचं? पोती काय माझ्या डोक्यावर ठिऊ?"

हर्षाली उत्तर शोधत होती. तेवढ्यात उत्तर उंदरानं दिलं. मामांनी रब्बीच्या ज्वारीसाठी पेरणी यंत्र बाहेर काढलं, तर एका दाणपेटीतली प्लास्टिकची चकती उंदरानं कुरतडलेली. या चकतीच्या काठाला खाचा असतात. एका खाचेत एक दाणा बसतो, चकती फिरते आणि दाणे एकामागून एक जमिनीत पडतात. चकती गेली म्हणजे चार ओळींतली एक ओळ रिकामी. यंत्र जुनं, त्यामुळं कळंबच्या दुकानांत तसली चकती मिळेना. शेजारच्या शंभूअण्णांचं यंत्र मोकळं व्हायला वेळ होता, आणि जमिनीतली ओल काही कुणासाठी थांबत नाही.

"मामा, मी करून देते," हर्षाली म्हणाली. "दुसऱ्या पेटीतली चकती चांगली आहे. तिचं माप घेते."

मामांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बरं. चकती निघाली, दाणा पडला, तर ही खोली तुझी. न्हाय निघाली तर म्या हे खोलून टाकणार. मग रुसायचं न्हाय."

"कबूल," ती म्हणाली. माझ्या अंगातून अशी झिणझिणी गेली की काय सांगू. आजवर मी वर्तुळं आणि वांगी काढत होते. आता माझ्याकडं खरं काम आलं होतं.

कृष्णराजांनी जाड प्लास्टिकचा एक तुकडा पैदा केला. चित्र तयार झालं. आणि नेमकी खंडेनवमी आली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते आणि त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच. सासूबाई द्वारकाबाईंनी विळा, खुरपं, कुऱ्हाड, कृष्णराजांचे पाने सगळं धुऊन मांडलं. मग ताट घेऊन त्या माझ्याकडं आल्या. मला हळद लावली, झेंडूचं फूल वाहिलं आणि तेलात कालवलेलं कुंकू बोटानं लावलं. माझी पूजा, मित्रांनो. मी फुगून गेले.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षालीनं मला सुरू केलं. सुरू झाले की मी आधी कोपऱ्यात जाते. तिथं दोन बारीक खांबांच्या मध्ये उजेडाची एक रेघ आहे. ती माझ्या पट्टीनं अडली की मला कळतं, आले मी घरी, आता इथून मोजायचं. तो माझा डोळाच म्हणा. पण त्या दिवशी मी जागची हललेच नाही. उजेड आधीच अडलेला होता. मला वाटलं, मी घरीच आहे. हर्षालीच्याही ते ध्यानात आलं नाही, कारण नेमकी तेव्हाच छकुली रडली.

मी कोरायला लागले ती भलत्याच जागी. अर्धी चकती तुकड्याच्या बाहेर गेली, पातं माझ्या फळीतल्या खिळ्यावर आदळलं आणि खट्ट करून मोडलं. तुकडा वाया गेला.

 मामा आत गेले आणि पाना घेऊन आले.

"खोलू का?"

हर्षाली माझ्याकडं बघत राहिली. कडेवर छकुली. मग ती एकदम कोपऱ्यातल्या खांबांकडं वाकली.

"आत्या, इथं कुंकू तुम्ही लावलं?"

"मीच की," द्वारकाबाई म्हणाल्या. "बाकी समदं नुसतं लोखंड. तिथं दोन डोळ्यांवानी दिसलं. म्हणलं, तोंड हेच असंल."

"तो खरंच तिचा डोळा आहे, आत्या. आत कुंकू गेलंय. तिला काही दिसेना."

द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला. "मेलं, देवाच्याबी डोळ्यात कुणी कुंकू घालत न्हाय. आता गं?"

छकुलीचे कान पुसायची कापसाची काडी आली. हर्षालीनं इतक्या हलक्या हातानं माझा डोळा पुसला की मला छकुलीचा हेवा वाटेनासा झाला. दुसरं पातं तिच्याकडं होतं. पण प्लास्टिक कुठून आणायचं?

द्वारकाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भाजी चिरायचा पांढरा, जाड प्लास्टिकचा पाट घेऊन आल्या. नवाकोरा.

"हे कापा."

"अगं, किस्नानं हौसेनं आणलाय तुला," मामा म्हणाले.

"हौस झाली की त्याची. मी विळीवरच चिरते. वरीस झालं, भिताडाला टेकून हाय नुसता."

पाट माझ्यावर घट्ट बसवला. कीस डोळ्यांत जाऊ नये म्हणून छकुलीची झोळी ओसरीवर गेली. बटण दाबलं आणि मी सरकले. सरकत सरकत कोपऱ्यात गेले, उजेडाची रेघ अडली. घर सापडलं. मग मी अशी सुटले, मित्रांनो, की विचारू नका. ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा कीस उडत होता. एक खाच, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, सगळ्या सारख्या. ओसरीवर छकुली माझ्या घरघरीत झोपून गेली. मी थांबले तेव्हा पाटातून एक गोल चकती सुटून निघाली.

मामांनी ती उजेडात धरली. मग त्याच पान्यानं पेटीचे नट सोडवून ती आत बसवली. पेटीत ज्वारी ओतली. द्वारकाबाईंनी खाली सूप धरलं. मामांनी चाक हळूच फिरवलं.

टप. टप. टप.

एका वेळी एकच दाणा. मामा कितीतरी वेळ चाक फिरवत होते. सुपात चांगली मूठभर ज्वारी साठली, तरी त्यांचं मन भरेना.

"दाणा पडतोय," अखेर ते म्हणाले. बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी सोयाबीन आलं तेव्हा हमालाला दारातच अडवून त्यांनी सांगितलं, "इकडं न्हाय. ओसरीवर लाव. आत काम चालू असतंय."

आता ज्वारी वीतभर झाली आहे. चारही ओळी सलग आहेत, असं कृष्णराज सांगतात. मी शेत बघितलेलं नाही, पण ऐकूनच मला उडावंसं वाटतं.

मित्रांनो, मला फार काही नको. काम झालं की अंगावरचा कीस झाडा, सळयांना थेंबभर तेल द्या, आणि डोळा तेवढा कोरडा ठेवा. तुमच्याही घरात कुणीतरी वेळ चोरून काहीतरी जोडत असेल. त्यातून आधी धूर निघेल, वांगी निघतील. हसा खुशाल, पण पाना घेऊन धावू नका. त्याला एक कोपरा द्या.

बरं, मला आता तयार व्हायला हवं. शंभूअण्णा कुठलंसं दाते तुटलेलं प्लास्टिकचं चाक घेऊन दारात आले आहेत, आणि मामा त्यांना सांगताहेत, "बसा की जरा. आमची मशीन लेकरू झोपल्यावर चालती."