मिठाची झाली जाई

ओरेस्ते मजोलो हे नाव इटलीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने लिहिलेली गाणी मात्र सगळ्यांच्या तोंडी होती. रेकॉर्डवर गाणाऱ्याचं नाव ठळक, त्याचं खाली, बारीक. त्याचं त्याला काही वाटत नसे. खंत होती ती एकाच गाण्याची.

ते त्याने त्रेसष्ट साली लिहिलं. मिलानला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. गावी, मोंतेरोस्सोला, नील्दे होती. बंदरावरच्या शेडमध्ये ती मासळी खारवायची. पिंपात एक थर माशांचा, एक मिठाचा. निघताना तो तिला म्हणाला होता, "तुझ्यावर गाणं करीन. रेडिओवर लागलं की निघून ये."

"आणि ते दुसऱ्याच कुणावर असलं तर?"

"ऐकलंस की कळेल."

गाण्यात तिचे काळे केस होते आणि हात कितीही धुतले तरी न जाणारा मासळीचा, मिठाचा वास. प्रकाशक पिरोवानोंनी ते पियानोवर दोनदा वाजवून पाहिलं.

"चाल सोन्यासारखी आहे, मजोलो. पण मासळीचा वास? लोक नाचता नाचता नाक धरतील. जाईचा करा. आणि केस सोनेरी. उन्हाळ्यात किनाऱ्यावर सगळ्या तशाच येतात."

दोन दिवस ओरेस्ते नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी पिरोवानो म्हणाले, "मग शब्द दुसऱ्या कुणाकडून घेतो." तेव्हा त्याने स्वतःच्याच हाताने मिठाची जाई केली.

त्या उन्हाळ्यात ते गाणं वाजलं नाही असा किनारा राहिला नाही. ओरेस्ते वाट बघत राहिला. चार ओळी लिहून कळवावं असं कितीदा मनात आलं, पण जिचं गाणं तिलाच ते सांगावं लागावं, हे त्याला पटेना. वसंतात बहिणीचं, पिनुच्चाचं, पत्र आलं. नील्देचं लग्न झालं होतं. नवरा जीनो, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा.

पुढे सत्तावीस वर्षं तो लिहीत राहिला. मोठमोठे गायक त्याच्या दारी आले. मध्ये एक लग्न केलं, ते टिकलं नाही.

एक्याण्णव साली पिनुच्चाच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा तो गावी गेला. दुपारी जेवणं उरकत आली आणि बँडवाल्यांनी तेच गाणं धरलं. नील्दे शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. केस पांढरे, हसणं तेच.

"तुझं गाणं लागलंय, आणि तू ताटात बघतोस?"

"तुला आवडतं?"

"चाल आवडते. बाईचा मात्र फार राग यायचा."

"कुठल्या बाईचा?"

"त्या सोनेरी केसांच्या. शेडमध्ये रेडिओ होता. गाणं लागलं की सगळ्याजणी माझ्याकडे बघायच्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं."

ओरेस्तेने पेला बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा लिहिलेल्या ओळी हळू आवाजात म्हटल्या. एक शब्दही विसरला नव्हता. नील्दे बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिली.

"एवढं कागदावर लिहून पाठवायचं होतंस."

"वाटलं, तुला कळेल."

"कसं कळणार रे? मी काय ज्योतिषी होते?"

तेवढ्यात जीनो गुडघा सांभाळत बदामाचा केक घेऊन आला. "काय हो कवी, माझ्या बायकोला रडवलंत की काय?"

"बस तू," ती म्हणाली. मग ओरेस्तेकडे वळून, "पुन्हा एकदा म्हण. यालाही ऐकू दे."

त्याने म्हटलं. जीनोने मान डोलावली. "हे खरं आहे. अजून वास येतो तिच्या हातांना. मग गाण्यात का नाही घातलंत?"

ओरेस्तेने केकचा एक तुकडा मोडून घेतला. पुढचं गाणं सुरू झालं, तशी नील्दे उठली आणि नवऱ्याला हाताला धरून अंगणात घेऊन गेली. जीनो लंगडत नाचत होता, ती त्याला सांभाळून घेत होती.

संध्याकाळी बहिणीने राहायचा आग्रह केला, पण तो स्टेशनवर आला. खाली समुद्र होता, फलाटावर तुरळक माणसं. आता वाट बघण्यासारखं काही उरलं नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. तरीही मिलानच्या दोन गाड्या त्याने तशाच जाऊ दिल्या.