जनावर नसलेली कादंबरी

"लेखकाची स्वाक्षरी म्हणजे त्याच्या आत्म्यानं वाचकाच्या हाती दिलेलं वचन असतं," डॉ. मल्लिकार्जुन हत्तुरे माळशिरसच्या वाचनालयात म्हणाले आणि वाक्य श्रोत्यांमध्ये नीट मुरावं म्हणून जरा थांबले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

"म्हस दोन महिनं झालं माजावर येईना, डाक्टर. काय करावं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हा प्रश्न प्रस्तुत विषयाच्या बाहेरचा आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग पाण्याचा एक घोट घेतला आणि विचारलं, "मिनरल मिक्श्चर देताय का?"

"न्हाय की."

"मग कशी येईल?"

टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळच्या त्या पहिल्याच टाळ्या होत्या.

सोलापूर जिल्ह्यात डॉक्टरांची सगळी नोकरी गेली होती. पशुधन विकास अधिकारी म्हणून ते इतक्या गोठ्यांत शिरले होते की माणसं त्यांना चेहऱ्यानं ओळखत आणि जनावरं वासानं. निवृत्त झाल्यावर ते पुण्यात मुलाच्या फ्लॅटवर, अकराव्या मजल्यावर राहायला गेले. तिथं त्यांना कुणी हाक मारत नसे. मुलगा आणि सून लॅपटॉपशी बोलत, बायको नातवाशी बोलत असे, आणि लिफ्टमध्ये भेटणारी माणसं आकड्यांकडे बघत. त्या शांततेत दोन वर्षं बसून त्यांनी कादंबरी लिहिली, 'काचेपलीकडचा मी'. तिचा नायक अकराव्या मजल्यावर एकटा राहणारा तरुण संगणक अभियंता होता आणि तो कुणाशीच बोलत नव्हता. नायक आपण नव्हेच हे कळावं म्हणून डॉक्टरांनी त्याला भरपूर केस दिले होते. शिवाय कादंबरीत एकही जनावर येऊ द्यायचं नाही, अशी अट त्यांनी स्वतःला घातली होती. शेवटच्या मुद्रितात खिडकीवर एक कबूतर सापडलं, तेही त्यांनी काढून टाकलं.

प्रकाशकांचं मत असं होतं की हल्ली वाचक पुस्तकापर्यंत येत नाही, म्हणून लेखकानं वाचकापर्यंत गेलं पाहिजे. त्यांनी एक व्हॅन, पुस्तकांची खोकी, एक फ्लेक्स आणि सिद्धराम नावाचा ड्रायव्हर दिला. निघताना एक सूचनाही दिली : "नुसती सही नको डॉक्टर, वर एखादी ओळ लिहा. वाचकाला आपलेपणा वाटतो."

सूचना चांगली होती. अडचण एवढीच होती की आठवडाभरात डॉक्टरांनी जेवढ्या ओळी तयार केल्या होत्या, तेवढे वाचक भेटले नव्हते.

"साहेब, येक इचारू का?" दुसऱ्या दिवशी सकाळी वेळापूरच्या रस्त्याला सिद्धराम म्हणाला. तो सोलापूरचाच, पन्नाशीचा आणि निवांत माणूस होता. "फ्लेक्सवर तुमी गालाला हात का लावलाय?"

"चिंतन करतोय."

"मला वाटलं दाढ दुखतीया. काल माळशिरसात दोघं तेच म्हनले की."

डॉक्टर बाहेर उसाकडे बघत राहिले. आठ दिवसांच्या लॉजच्या गाद्यांनी त्यांची पाठ धरली होती. सगळ्या गावांत एकच पोहे मिळत होते, आणि सगळ्या गावांत प्रास्ताविक करणारा माणूस त्यांचं नाव सोडून बाकी सगळं बरोबर सांगत होता. तरी ते दौरा सोडत नव्हते, याला कारण संध्याकाळचा सोलापूरचा कार्यक्रम होता. शहरातल्या जुळे सोलापूर भागात प्रा. पंचाक्षरी सर बोलणार होते. सर कुणाच्या पुस्तकावर सहसा बोलत नसत, आणि बोलले तर तो लेखक निदान जिल्ह्यात तरी लेखक ठरत असे. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं, "कार्यक्रमानंतर घरी या. तुमच्याशी निवांत बोलायचंय." आठ दिवस डॉक्टर त्या 'निवांत'वर तग धरून होते. आपण लिहिलेलं एका तरी माणसानं वाचावं आणि त्याबद्दल आपल्याशी बोलावं, एवढीच त्यांची मागणी उरली होती. सरांसाठी वेगळी ठेवलेली प्रत पिशवीत होती. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं : 'शब्दांपलीकडचे मौन ऐकणाऱ्या मर्मज्ञास'.

वेळापुरात ग्रामपंचायतीसमोर गर्दी बघून डॉक्टर व्हॅनमध्येच ताठ झाले. मांडव भरला होता. बायका होत्या, म्हातारे होते, पागोटी होती. मग मांडवाबाहेर लिंबाखाली बांधलेल्या शेळ्या दिसल्या. त्यांच्या पलीकडे म्हशी होत्या.

"धुळाप्पा," त्यांनी स्वागताला आलेल्या वाचक कट्ट्याच्या अध्यक्षांना बाजूला घेतलं, "हे काय आहे?"

धुळाप्पानं हार दोन्ही हातांत धरला होता, त्यामुळे त्याला मान खाजवता येईना. "त्याचं असं झालं साहेब. परवा भोंगा फिरवला, लेखक येनार म्हनून. कुत्रं भुकलं न्हाय. मग काल फिरवला, जनावराचं डाक्टर हत्तुरे साहेब येनार. पुस्तक घेनाऱ्याचं जनावर तपासून मिळंल."

"अहो, मी लेखक म्हणून आलोय!"

"व्हय की. पुस्तक घेतल्याबिगर आपन तपासनीच देनार न्हाय. कसं?"

प्रास्ताविकात धुळाप्पानं कादंबरीचं नाव 'काचबिंदू आणि मी' असं सांगितलं. ज्याच्या बैलाच्या डोळ्यात फूल पडलं होतं, असा एक म्हातारा उठून पुढे आला. डॉक्टरांनी दुरुस्ती करण्यासाठी माईक हातात घेतला, पण मांडवात कुणीतरी ओरडलं, "सरका, सरका! मायाक्काची शेळी अडलीया!"

मायाक्का साठीची, काटक धनगर बाई होती. तिनं आणि तिच्या सुनेनं शेळी पोत्यावर घालून उचलून आणली होती. डॉक्टरांनी एकदा शेळीकडे पाहिलं, एकदा आपल्या नव्या सिल्कच्या कुडत्याकडे. मग त्यांनी बाह्या वर केल्या.

"कोमट पाणी, साबण, गोडंतेल. आणि ही माणसं मागं घ्या."

"मागं सरा की रं, जत्रा हाय का हितं?" मायाक्का गरजली. मग हळू आवाजात म्हणाली, "डाक्टर, वाचंल न्हवं? येवढी येकच दुभती हाय."

"बघू."

सून शेळीचं डोकं मांडीवर धरून बसली. सोनाली तिचं नाव. बारावी झालेली, डोक्यावरचा पदर एका हातानं आणि शेळी एका हातानं सावरणारी. करडाचा एक पाय मागं मुडपला होता. डॉक्टर डोळे मिटून बोटांनी तो पाय शोधत होते, तेव्हा तिनं विचारलं, "सर, पुस्तक कशाबद्दल आहे?"

आठ दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर डॉक्टरांनी पुण्यात आरशासमोर पाठ केलं होतं. त्यात 'अस्तित्व' हा शब्द तीनदा येत होता.

"एका माणसाच्या एकटेपणाबद्दल आहे. म्हणजे आधुनिक... घट्ट धर, मान घट्ट धर... तो उंच इमारतीत राहतो आणि... आला, पाय आला. आता कळ येऊ दे."

"मग?"

"मग काही नाही. राहतो."

करडू बाहेर आलं. काळं, ओलं आणि निपचित. डॉक्टरांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, मागच्या पायांनी धरून झुलवलं, छाती चोळली. मग करडू शिंकलं. त्यामागून दुसरं, पांढऱ्या ठिपक्याचं, स्वतःच्या पायांनी आल्यासारखं आलं. मायाक्कानं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढून डॉक्टरांना म्हणाली, "आवशीद लिवून द्या."

"कागद आहे का?"

"कागुद कशापायी? ह्ये पुस्तक घेतलंय न्हवं. पयलं पान कोरंच हाय की."

डॉक्टरांनी त्या कोऱ्या पानाकडे पाहिलं. वर एखादी ओळ लिहा, असं प्रकाशक म्हणाले होतेच. त्यांनी कॅल्शियमचं नाव लिहिलं, किती आणि किती वेळा ते लिहिलं, खाली सही केली आणि सहीखाली फोन नंबर घातला. "करडांमागचा जार पडला की फोन करा. संध्याकाळपर्यंत पडला नाही, तर दवाखाना गाठा."

त्यानंतर रांग लागली. खरोखरची, वळणं घेणारी रांग, जिचं स्वप्न कुठलाही लेखक बघतो. खरजेचं मलम, जंताचं औषध, बैलाच्या डोळ्याचे थेंब. दुपारपर्यंत खोकी रिकामी झाली. प्रकाशकांचा पुण्याहून फोन आला, "डॉक्टर, वेळापूरला काय केलंत काय? असा वाचक राहिलाय कुठं हल्ली?"

"दौऱ्याला प्रतिसाद आहे," डॉक्टर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

सोलापूरला पोचेपर्यंत कुडत्यावरचा डाग वाळून तपकिरी झाला होता. बॅग उघडून दुसरा कुडता काढायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी वेळापूरच्या सत्काराची शाल पुढून पांघरली. सत्काराच्या शालीचा काही उपयोग होण्याची दौऱ्यातली ही पहिलीच वेळ.

जुळे सोलापुरात सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या भरपूर होत्या. पंचाक्षरी सर वेळेवर आले आणि 'मराठी कादंबरीपुढील आव्हाने' या विषयावर बोलले. आव्हानं बरीच होती. त्यांत डॉक्टरांच्या कादंबरीचा नंबर लागला नाही, पण डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. सार्वजनिक ठिकाणी मोठी माणसं हातचं राखूनच बोलतात. खरं काय ते घरी, निवांत.

घरी दिवाणखान्याच्या दोन भिंती पुस्तकांनी भरल्या होत्या. डॉक्टर सोफ्याच्या टोकाला बसले. त्यांनी पिशवीतली प्रत काढून सरांच्या हाती दिली. सरांनी पहिलं पान उघडून ती ओळ मोठ्यानं वाचली.

"वा. 'मौन ऐकणाऱ्या मर्मज्ञास'. वा." मग ते आतल्या खोलीकडे वळले. "महेश्वरी, आण गं तिला."

सरांच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांच्या कडेवर झिपरी, पांढरी, केविलवाणी कुत्री होती.

"आमची ब्राउनी," सर म्हणाले, आणि त्यांचा व्याख्यानातला आवाज कुठल्या कुठे गेला. "चार दिवस झाले, पोट बिघडलंय हो. इथल्या डॉक्टरकडं नेलं की ही थरथर कापते. तुमचं नाव ऐकून होतो."

"मी यांना म्हटलं, भाषणाला हो म्हणून टाका," महेश्वरीबाई म्हणाल्या, "त्या निमित्तानं डॉक्टर घरी तरी येतील. बघा की हो, दोन दिवस काही खाल्लं नाही लेकरानं."

डॉक्टर सोफ्यावरून उतरून जमिनीवर बसले, गुडघा कटकन वाजला, आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ब्राउनी थरथरली नाही. तिनं शाल हुंगली, शालीखालचा कुडता बराच वेळ हुंगला, आणि त्यांच्या मांडीवर बसली.

"खायला काय देता?"

"दूध-बिस्किट," सर अपराध्यासारखे म्हणाले. "आणि माझ्या ताटातलं थोडं."

"शेंगाचटणी?"

सरांनी पत्नीकडे पाहिलं.

"तिला आवडते हो," महेश्वरीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या. काळजीचं काही नव्हतं. "लिहून देतो," ते म्हणाले. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. दोन भिंती पुस्तकं होती, पण कोरा कागद हाताशी नव्हता. मग त्यांनी हातातली कादंबरीच पुढे केली.

"इथंच लिहा, खाली जागा आहे."

'शब्दांपलीकडचे मौन ऐकणाऱ्या मर्मज्ञास' या ओळीखाली डॉक्टरांनी लिहिलं : दूध, बिस्किट, चटणी बंद. दहीभात, थोडा थोडा. पाणी भरपूर. जंताची गोळी, जुलाब थांबल्यावर. आणि सही केली.

दारापर्यंत सोडायला आलेले सर म्हणाले, "कादंबरी वाचणारच आहे मी. उन्हाळ्यात."

व्हॅनमध्ये सिद्धरामनं आरशातून त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली. मग तो म्हणाला, "उद्या अक्कलकोट. तितं बी भोंगा फिरवायचा का?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आत त्यांचा फोन वाजला.

"डाक्टर, जार पडला!" मायाक्का फोनवर बोलत नव्हती, वेळापूरहून थेट सोलापूरला हाक मारत होती. "दोनी करडं पितायत. शेळीनं पाला खाल्ला."

"छान. कॅल्शियम चालू ठेवा."

"ठेवते की. आनि ह्ये बगा, ही आमची सून दुपारधरनं त्ये पुस्तक घिऊन बसलीया. भाकरी करपीवली. तिला कायतरी इचारायचंय. घे गं."

डॉक्टर सीटवर सरळ झाले. त्यांनी काच वर केली.

"सर," सोनाली म्हणाली, "मी पान पन्नासला आहे. तो अकराव्या मजल्यावरचा माणूस कुणाशीच बोलत नाही. त्याला कुणी बोलू देत नाही, की त्यालाच नको वाटतं?"

आरशासमोर पाठ केलेलं उत्तर डॉक्टरांनी सोडून दिलं.

"त्याला वाटतं, कुणीतरी आधी हाक मारावी," ते म्हणाले.

"आं. आमच्या सासूबाईंचं पण तसंच असतं. पण पुढं बोलतो ना तो? बोलत असेल तर वाचते. मला फार कसंतरी होतंय त्याचं."

"बोलतो," डॉक्टर म्हणाले. "पान दोनशे अडतीस. लिफ्टमध्ये एक बाई भेटते, तिच्याशी."

"मग ठीक आहे. वाचते. धारा काढल्या की रोज थोडं थोडं वाचते."

फोन बंद झाला.

कादंबरी दोनशे चाळीस पानांची आहे. दोनशे अडतिसाव्या पानावर तो माणूस त्या बाईला विचारतो, "ग्राउंड ना?" आणखी काही बोलत नाही.