छोटं भांडं

"ते मॉडेल आता येणार नाही, पगारेकाका. कंपनीने बंद केलं." लखनशेठने काउंटरवर नवा खोका ठेवला. "आता हे घ्या. मोटर तीच, वॅट तेवढेच. फक्त भांडी तीन. एकवीसशे पन्नास."

वाल्मीक पगारेंनी वही उघडली. गेली सहा वर्षं दर महिन्याला मेन रोडवरच्या या दुकानात येऊन ते एकाच मिक्सरचा भाव टिपून नेत. पांढरा, दोन भांड्यांचा, सोळाशे पन्नास. असे नाशिकभरातले शे-दीडशे भाव ते गोळा करत आणि त्यांच्या आकड्यांवरून पुढे कुठेतरी महागाई ठरे.

"पाचशेने महागला, लिहून टाका," लखनशेठ म्हणाला.

"तसं नसतं, शेठ. त्या पाचशेत गिऱ्हाइकाला काही जास्तीचं मिळत असेल, तर तेवढी महागाई धरत नाहीत. सुधारणेपोटी किती आणि नुसते वाढलेले किती, हे वेगळं काढावं लागतं."

"कसली सुधारणा? हे एवढंसं भांडं दिलंय. बायका नेऊन माळ्यावर टाकतात. शून्य लिहा."

पगारेंनी ते भांडं हातात घेतलं. ओंजळीत मावेल एवढं होतं. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं. पातं अगदी तळाला टेकलेलं होतं.

त्यांच्या पत्नीला, वत्सलाबाईंना, जाऊन महिना झाला होता. जबड्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठ महिने त्यांना सगळं वाटूनच द्यावं लागे. पगारे सकाळी ऑफिसला निघण्याआधी अर्धी भाकरी दुधात भिजवून मिक्सरला लावत. पण मोठ्या भांड्यात एवढंसं वाटलंच जात नसे. घास कडेला उडून चिकटत आणि पातं नुसतं फिरत राही. मग ते दोन भाकऱ्या घालत. वाटीभर वत्सलाबाईंना देत आणि उरलेलं स्वतः ओट्यापाशी उभ्यानेच खाऊन टाकत. टाकून दिलेलं तिला आवडायचं नाही.

एकदा पलंगावरून त्या म्हणाल्या होत्या, "अहो, तुमचे तरी दात धड आहेत ना? मग माझ्यापायी लापशी कशाला खाता?"

"मला आवडते," पगारे म्हणाले होते.

त्यानंतर वत्सलाबाईंची भूक कमी होत गेली. आज नको, सकाळचंच अजून पोटात आहे, असं म्हणायच्या. पगारेंनी बरेच दिवस ते खरं मानलं.

त्यांनी भांडं खोक्यात ठेवलं आणि फॉर्मवर सुधारणेच्या रकान्यात पाचशे लिहिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'थोडे वाटता येते.'

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांच्या वरिष्ठ करंजकर मॅडमनी त्यांना बोलावलं. वयाने त्या पगारेंच्या मुलीएवढ्या होत्या, पण कामात चोख. बावीस वर्षांत पगारेंचा आकडा कुणी परत पाठवला नव्हता, त्यामुळे मॅडमनाही अवघडल्यासारखं झालं होतं.

"सगळे पाचशे सुधारणेत टाकलेत, पगारे. म्हणजे मिक्सर महागलाच नाही, असा अर्थ होतो."

"हो मॅडम."

"सातपूरच्या कारखान्यांतल्या माणसांचा महागाई भत्ता या आकड्यांवर ठरतो. एका मिक्सरने फरक पडत नाही हे मलाही कळतं. पण जुना मिळत नाही म्हणून ज्याला हाच घ्यावा लागेल, त्याच्या खिशातून पाचशे जातातच ना? आणि कारण काय, तर थोडं वाटता येतं."

"मोठ्या भांड्यात येत नाही, मॅडम. कडेला जाऊन बसतं."

मॅडमनी मान वर केली. "घरी लागायचं का?"

"आठ महिने."

त्यांनी फॉर्मवरचं कारण पुन्हा एकदा वाचलं. मग फॉर्म हळूच त्यांच्याकडे सरकवत म्हणाल्या, "हे भांडं सुटं मिळत असेल तर त्याची किंमत आणा. तेवढी सुधारणा धरू. मला दुसरा मार्ग नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पगारेंना तेही कळत होतं.

लखनशेठने स्टुलावर चढून वरच्या फळीवरून धूळ बसलेला एक लहान खोका काढला. "सुटं एकशे ऐंशीला."

"हे नव्या मिक्सरचं?"

"कुठल्याही. तुमच्या त्या जुन्या मॉडेललाही बसतं. वर्ष झालं मागवून, कुणी विचारत नाही."

पगारे फळीकडे बघत राहिले. वर्षभर दर महिन्याला ते याच काउंटरपाशी उभे राहिले होते. मिक्सर, कुकर, इस्त्री, पंखा, एकेक भाव विचारून गेले होते. सुटं भांडं यादीत नव्हतं. घरी तोच जुना मिक्सर आहे आणि त्यात बायकोचं जेवण वाटलं जात नाही, हे या दुकानात बोलायचं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"पाणी देऊ का, काका?"

"नको."

त्यांनी पाचशेवर सरळ रेघ मारली, शेजारी एकशे ऐंशी लिहिले आणि खाली सही केली.

त्या दिवशी भाजीचे भाव टिपायचा वार होता, म्हणून तिथूनच ते पूल ओलांडून पंचवटीत गेले. मखमलाबादच्या भागुबाई नेहमीच्या जागी गोणपाट टाकून बसल्या होत्या. त्यांनी पगारेंना लांबूनच ओळखलं.

"लय दिवसांनी आले, साहेब. मागच्या बारीला दुसराच मानूस आला व्हता भाव इचारायला." त्यांनी टोपलीतून एक लांब दुधी काढला आणि त्यांच्या पिशवीत घातला. "कवळा हाय, बी नाय धरलेलं. बाईंला चांगला शिजवून द्या. बऱ्या हायेत ना आता?"

पगारे मेथीचा भाव लिहीत होते. त्यांनी आकडा पूर्ण केला, पेनाला टोपण लावलं.

"ती गेली, भागुबाई. महिना झाला."

भागुबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. समोर एक गिऱ्हाईक वांगी निवडत होतं, तिकडे त्यांनी बघितलं नाही.

"मंग घरी सैपाक कोन करतं?"

"मीच करतो."

भागुबाईंनी पगारेंच्या पिशवीतला लांब दुधी परत काढून घेतला. टोपलीत हात घालून बराच वेळ चाचपलं, आणि वीतभर लांबीचा एक दुधी शोधून पिशवीत ठेवला.

"येवढा पुरंल," त्या म्हणाल्या.